साळवेबाईंचा 'थिक'

साळवेबाई समोरून येताना दिसल्या की आम्ही शिक्षिका आपापले पदर सावरून घ्यायचो. लाजेबिजेने नव्हे, बाई पदर धरतील म्हणून. बोलता बोलता त्यांचा हात पुढे यायचा, समोरच्या साडीचा काठ चिमटीत पकडायचा, जरासा चोळायचा आणि लगेच निकाल लागायचा, "थिक." नाहीतर नाक मुरडून, "थिन गं! दुसऱ्या धुण्याला जाळी होईल." मेनरोडवर त्यांच्याबरोबर कापड घ्यायला जाणं म्हणजे शिक्षाच. दुकानदार ठाणावर ठाणं उलगडत राहायचा आणि बाई प्रत्येकाचा कोपरा चोळत इंग्रजीत मत द्यायच्या. शेवटी मी त्यांना ओढत बाहेर काढायची. मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा पदर मात्र त्यांनी कधी चिमटीत धरलेला मी पाहिला नाही.

आमची शाळा गंगापूर रोडला, मुलींची. सत्तरच्या दशकातला गंगापूर रोड म्हणजे थोडे बंगले, बऱ्याच पेरूच्या बागा आणि सायकली. बंगल्यांतल्या मुली आणि बागांमधल्या मुली एकाच बाकावर बसायच्या. मी भूगोल शिकवायची आणि साळवेबाई इंग्रजी. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नाशिकरोडच्या बाजूला बौद्ध वसाहतीत राहायच्या, तिथून बसने यायच्या. अंगावर स्टार्च केलेली सुती साडी, खांद्याला एक भलीमोठी कापडी पिशवी. त्या पिशवीत काय नसायचं! घोंगडीचा तुकडा, पतंगाचा कागद, अर्धी वीट, लोकर, दोरखंड. एकदा बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "बाई, भंगार गोळा करता का?" बाई म्हणाल्या, "नाही, विशेषणं."

अर्थ फळ्यावर लिहायचा नाही, हा त्यांचा कायदा. एखादीने इंग्रजी शब्दापुढे मराठी अर्थ लिहिलेला दिसला की लाल पेन्सिल फिरलीच. "शब्दाला शब्द चिकटवलास तर दोन्ही गळून पडतील. अर्थ हाताला विचार." मग पिशवी उघडायची. सातवीच्या वर्गात 'थिक' शिकवायला त्यांना अख्खा आठवडा लागायचा आणि शेजारच्या वर्गात मी नद्यांची खोरी शिकवत असताना भिंतीपलीकडून नुसता हशा ऐकू यायचा.

तो शब्द त्यांच्या फार आवडीचा. मुली आधी घोंगडी चाचपून सांगायच्या, जाड. बाजरीची भाकरी चाचपायच्या, जाड. झालं, कळलं, असं सगळ्यांना वाटायचं. मग बाई विचारायच्या, "कल्पनाची वेणी कशी आहे?"

"दाट, बाई."

"तीही थिकच. आणि तुझ्या आईचं पिठलं? जाड झालंय म्हणतेस का आईला?"

सगळा वर्ग हसायचा. पिठलं घट्ट, जंगल दाट, रेघ ठळक, भिंत जाड. इंग्रजाने सगळ्यांना मिळून एकच शब्द ठेवला, याचं बाईंना मनापासून हसू यायचं. "त्याला घाई असेल. आपण प्रत्येक वस्तूजवळ जातो, हात लावतो आणि मगच बोलतो. तेव्हा पोरींनो, आधी जवळ जा." मग कुणीतरी हमखास उठून सांगायची, "माय फादर इज व्हेरी थिक." त्यावर बाई डोळे पुसत हसायच्या आणि म्हणायच्या, "वडील फॅट. त्यांचं पुस्तक थिक. वडिलांना सांगू नकोस मी काय म्हणाले ते."

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, मठ्ठ, मंद डोक्याचा. तो मात्र त्या शिकवायच्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तो अर्थ पोरींना फुकटात शिकवणारे जगात पुष्कळ भेटतील. माझ्या तासाला कशाला?"

एका डिसेंबरात सकाळी इतकं धुकं पडलं की शाळेचं फाटक दारातून दिसेना. पहिला तास बाईंचा. त्यांनी अख्खा वर्ग उठवला आणि मैदानात नेऊन उभा केला. एकमेकींपासून लांब व्हा, म्हणाल्या, आणि मैत्रीण दिसेनाशी झाली की ओरडा. त्या धुक्यातून चाळीसेक मुलींच्या किंकाळ्या येऊ लागल्या, "थिक! व्हेरी थिक!" मोठ्या बाई धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं साप निघाला. साळवेबाई धुक्यातच कुठेतरी होत्या, त्यांचा नुसता आवाज आला, "काही नाही बाई, इंग्रजी चालू आहे." मुली वर्गात परतल्या तेव्हा सगळ्यांच्या केसांवर दव होतं आणि निम्म्या शिंकत होत्या. मोठ्या बाईंनी दिवसभर साळवेबाईंशी अबोला धरला. पण आजही माझ्या जुन्या विद्यार्थिनी भेटतात, त्यांना माझी एकही नदी आठवत नाही, ते धुकं मात्र आठवतं. मला याचा थोडा राग येतो, खोटं कशाला बोलू.

आता डब्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

शिक्षिकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे. लोणचं इकडून तिकडे, भाजी तिकडून इकडे. साळवेबाईंचा डबाही उघडायचा, त्या आग्रहही करायच्या, पण त्यांच्या डब्याकडे हात यायचे नाहीत. कुणी काही बोलायचं नाही हो. बोलायची गरजच नसायची. एकीचं पोट भरलेलं असायचं, दुसरीला तिखट सोसायचं नाही, मोठ्या बाईंना तर आठवड्यातले बरेच वार काही ना काही चालत नसायचं. आणि या सगळ्याजणी साळवेबाईंशी गोडच वागायच्या, हीच तर गंमत. मी पहिल्याच दिवशी त्यांच्या डब्यातलं पिठलं खाल्लं. त्यात माझा काही मोठेपणा नाही. मी मखमलाबादकडच्या माळ्याची मुलगी, पहाटे फुलं तोडून, बाजाराच्या टोपल्या भरून शाळेत यायची. मला भूक लागलेली असायची आणि ते पिठलं फार सुरेख असायचं. लसणाची फोडणी, वर कोथिंबीर, आणि इतकं घट्ट की भाकरीच्या तुकड्यावर डोंगरासारखं उभं राहायचं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थिक?" मी तोंड भरलेलं असताना म्हटलं, "थिक." अशी आमची ओळख झाली.

त्या तेव्हा अजून कायम झालेल्या नव्हत्या. संस्थेच्या चिटणीसांच्या मनात इंग्रजी दुसऱ्या कुणाला द्यावं आणि साळवेबाईंकडे शिवण सोपवावं असं होतं. कारण कुणी सांगत नव्हतं. "बंगल्यातल्या पालकांची अपेक्षा असते," एवढंच मोघम. त्या हिवाळ्यात तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. ते बाईंचा तास बघणार आणि मग काय ते ठरणार. बाई मला बसस्टॉपवर म्हणाल्या, "लता, शिवण काही वाईट नाही. माझी आई शिवणावर जगली. पण इंग्रजी मी स्वतः मिळवलंय गं. रेल्वेच्या कंदिलाखाली बसून मिळवलंय. ते माझ्याकडून काढून घेतलं तर मी काय करू?" मी त्यांची पिशवी धरली आणि त्यांची बस येईपर्यंत थांबले.

तासासाठी त्यांनी 'थिक' निवडला, यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. त्यांनी जाहीर केलं की त्या घरून दोन पातेली आणणार, एकात घट्ट पिठलं आणि एकात पातळ, आणि मुली चाखून सांगणार. मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "साळवेबाई, घोंगडी आणा, वीट आणा. खायचं नको. पालकांचं तुम्हाला माहीत आहे."

"बाई, घट्ट आणि पातळ जिभेला कळतं. फळ्याला कळत नाही."

"मी तुमच्याच भल्यासाठी सांगते आहे."

"हो, ते माहीत आहे मला," साळवेबाई म्हणाल्या, आणि खरंच मोठ्या बाई भल्यासाठीच सांगत होत्या. त्याच बाईंनी चिटणीसांशी भांडून तपासणीपर्यंत इंग्रजी साळवेबाईंकडे ठेवलं होतं. माणसाचं एक बोट इकडे आणि एक तिकडे असतं, त्याला काय करणार?

तपासणीच्या दिवशी बाई दोन्ही पातेली फडक्यात बांधून बसने घेऊन आल्या. साहेब सकाळी येणार होते. आले नाहीत. ते विंचूरकडच्या शाळेत गेले होते आणि तिथेच अडकले होते. मैदानात कागद-टरफलं पडू नयेत म्हणून मोठ्या बाईंनी मधली सुट्टी रद्द केली, डबे दप्तरात बंद. सातवीच्या मुली हाताची घडी घालून बसल्या होत्या. टेबलावर दोन पातेली. वर्गभर लसणाच्या फोडणीचा वास. मागच्या बाकावर मी, मुली गप्प बसाव्यात म्हणून नेमलेली.

तेवढ्यात मोठ्या बाईंचा निरोप आला आणि साळवेबाई ऑफिसात गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. मोठ्या बाईंनी शेवटचं सांगितलं होतं, "ती पातेली उचला. मुलींनी हात लावला नाही तर साहेबांसमोर तुमची किती शोभा होईल, विचार करा." आणि हे मात्र बाईंना लागलं. पालक तक्रार करतील याची त्यांना भीती नव्हती. पण भरल्या वर्गात 'या, चाखा' म्हणायचं आणि एकही मुलगी जागची हलायची नाही, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. शिक्षिकांच्या खोलीत ते रोज पाहतच होत्या की. त्या म्हणाल्या, "उचलते."

इकडे वर्गात कल्पना उठली. तिचे वडील भाजीचा मळा करायचे, मुलगी धीट. "बाई," ती मला म्हणाली, "पिठलं गार व्हतंय."

"बस खाली."

"नाय, लय भूक लागलीय बाई. अन् ते आपल्यालाच खायाचंय ना? सायेब आल्यावर खायाचं तर आत्ताच खाल्लं तर काय झालं?"

खरं सांगायचं तर मी तिला अडवायला उठलेही नाही. कल्पनाने झाकण काढलं, दप्तरातली भाकरी काढली आणि बुडवली. मग तिची मैत्रीण. मग बंगल्यातली अनुराधा, जिच्या वडिलांच्या नावाने मोठ्या बाईंना धडकी भरायची, ती चपातीचा तुकडा घेऊन रांग मोडून पुढे घुसली आणि त्यावरून भांडण झालं. पातळ पिठलं तिच्या हातावरून कोपरापर्यंत ओघळलं, तिने ते चाटलं आणि म्हणाली, "ए, हे थिन आहे गं, मला थिकमधलं द्या ना!" पुढची काही मिनिटं वर्गात कुणी कुणाचं नव्हतं. शेवटच्या मुलींनी पातेलं बोटांनी निपटून काढलं. मुली जागेवर जाऊन पुन्हा हाताची घडी घालून बसल्या. गालांवर पिवळे डाग तेवढे राहिले.

साळवेबाई आल्या. डोळे लाल होते, पण चेहरा इस्त्री केल्यासारखा. कुणाकडे न बघता सरळ टेबलाशी गेल्या आणि पातेलं उचललं. ते हलकं लागल्यावर थबकल्या. झाकण काढून आत पाहिलं. दुसरं उघडून पाहिलं. मग मुलींकडे पाहिलं. मुलींना वाटलं, आता मार. कल्पना हळूच म्हणाली, "सॉरी बाई. संपलं."

"सगळ्यांनी?" बाईंनी विचारलं.

"हो, सगळ्यांनी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या फळ्याकडे वळल्या, खडू घेतला, पण काही लिहिलं नाही. नुसत्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मला रडू आवरेना. मुलींना कळेचना की पिठल्यासाठी एवढं काय.

आणि नेमके तेव्हा साहेब दारात. त्यांच्या मागे मोठ्या बाई. टेबलावर रिकामी पातेली बघून मोठ्या बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. साळवेबाईंनी ऐकलं, असं त्यांना वाटलं. बाई वळल्या, पदराने डोळे टिपले आणि तास सुरू केला. घोंगडी झाली, वेणी झाली, वीट झाली. साहेब रोडके, गंभीर, चेहऱ्यावरची माशी हलेना. त्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. "व्हॉट इज धिस?"

अनुराधा उठली. "पिठलं, सर."

"व्हेअर?"

"फिनिश, सर. वी एट."

"थिक ऑर थिन?"

"टू पॉट्स, सर. वन थिक, वन थिन. बोथ फिनिश." मग तिने बाही वर करून कोपर दाखवलं, तिथे अजून पिवळी रेघ होती. "थिन कम हियर, सर. थिक नॉट कम. थिक स्टे."

व्याकरणाचा पार चुराडा होता. पण सातवीची मुलगी साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून, पाठ न केलेलं इंग्रजी बोलत होती. मोठ्या बाईंनी एकदा अनुराधाच्या कोपराकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे, आणि दाराची चौकट धरली. साहेब जाताना म्हणाले, "इंग्रजी यांच्याकडेच असू द्या." आणि मग पातेल्यांकडे बघून, "आम्हाला काही उरलं नाही वाटतं." उरलं असतं तर त्यांनी खाल्लं असतं का, हे मला माहीत नाही. पण म्हणाले.

बाई कायम झाल्या. पुढच्या आठवड्यात एका मुलीचे वडील, मुलीला शाळेतून काढतो म्हणत, तणतणत आले. मोठ्या बाईंनी त्यांना ऑफिसात नेलं, दार लावलं. बऱ्याच वेळाने ते गृहस्थ खाली मान घालून बाहेर पडले आणि मुलगी वर्गातच राहिली. मोठ्या बाई याबद्दल साळवेबाईंना एक अक्षर बोलल्या नाहीत. आणि मधल्या सुट्टीत साळवेबाईंच्या डब्यातलं त्यांनी त्यानंतरही काही घेतलं नाही. दोन्ही खरं आहे. मी या बाईंवर रागवावं की त्यांच्या पाया पडावं, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. गंगापूर रोडचे पेरू तुटले, इमारती आल्या. अंबडला कारखाने निघाले आणि आमच्या जुन्या मुली तिथल्या ऑफिसांत टायपिस्ट म्हणून लागल्या. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला संस्थेने विंचूरच्या बाजूला एका गावात शाळा काढली आणि साळवेबाईंना तिथे मुख्याध्यापिका म्हणून पाठवलं. निवृत्तीला टेकलेल्या मोठ्या बाईंनीच त्यांचं नाव सुचवलं होतं. निरोपाच्या दिवशी साळवेबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. मोठ्या बाईंनी पेढा घेतला, "फार चांगलं झालं," म्हणाल्या, डोळ्यांत पाणी होतं, आणि पेढा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

रिक्षात बसल्यावर मी धुमसत होते. साळवेबाई म्हणाल्या, "पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"जाऊ दे गं. घरी जाऊन खातील." मग थोड्या वेळाने, बाहेर बघत, "एवढ्या वर्षांत एकदा माझ्यासमोर खाल्ला असता तर मला बरं वाटलं असतं, एवढंच." त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. दोन-तीन वर्षांनी दिवाळीनंतर मी त्यांच्या शाळेत गेले. कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला, सगळीकडे धूळ. शाळा म्हणजे पत्र्याच्या खोल्या आणि एक कडुनिंब. मधली सुट्टी होती. बाई झाडाखाली सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या, भोवती मुली, सगळ्यांचे डबे आणि फडकी उघडलेली. मी फाटकाशीच थांबले. बाईंचे केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. त्या समोरच्या मुलीला इंग्रजीत काहीतरी विचारत होत्या आणि ती उत्तर शोधत आभाळाकडे बघत होती.

त्यांच्या उजव्या हाताला पाचवीतली असावी अशी एक किडकिडीत पोरगी बसली होती. ती मैत्रिणीला काहीतरी तावातावाने सांगत होती, "नाय गं, तसं नव्हतं झालं, ऐक ना आधी." सांगता सांगता, तिकडे न बघताच, तिने हात लांब केला, बाईंच्या डब्यातला भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात टाकला आणि पुढचं सांगू लागली.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी न बघताच डबा जरासा त्या पोरीकडे सरकवला, जशी कुठलीही आई सरकवते, आणि समोरच्या मुलीला म्हणाल्या, "हं, बोल. कम ऑन." त्यांचं त्या हाताकडे लक्षसुद्धा गेलेलं नव्हतं.